मीटरची गवसणी

नीटनेटकेपणाने माणसाचं वाटोळं होतं, असं मी म्हटलं की आमच्या दोन्ही सुना एकमेकींकडे बघतात. त्यांना वाटतं, सासूबाई आता डाव आणि उलथनं कोणत्या खणात ठेवावं यावर घसरणार. मी घसरत नाही. अठराव्या वर्षी मी एक मळकं कापड धुवायला घेतलं आणि त्या भरात शेजारची एक गोष्ट, कोणी सांगितलेलं नसताना, सरळ करून ठेवली. तेवढ्यावरून माझ्या वडलांचं आणि काकांचं कडाक्याचं भांडण झालं, एक चांगला वाजता रेडिओ जळाला, आणि माझी पिशवी भरून चारच्या एस.टी.ने मला तिसगावला परत न्यायचं ठरलं. तेव्हापासून कोणाची वाकडी ठेवलेली वस्तू दिसली की मी आधी विचारते, मुद्दाम ठेवली आहे का बाबा? लोकांना तो माझा भोचकपणा वाटतो.

तेव्हा मी सावेडीला वसंतकाकांकडे राहून कॉलेजला जात होते. आत्ताची सावेडी डोळ्यांसमोर आणू नका. चार-सहा बैठी घरं, मधे मोकळी रानं, आणि आमच्या दारापासून कॉलेजपर्यंत सायकलच्या चेनची करकर. काकांच्या भाड्याच्या तीन खोल्या आणि मागे एक पत्र्याची खोली. काका एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, पण त्यांचा खरा संसार त्या पत्र्याच्या खोलीत होता. तिथे ते एलिमिनेटर बनवायचे. म्हणजे असा डबा, की जो भिंतीतल्या विजेला जोडला की त्यातून सेलसारखी वीज निघते आणि ट्रान्झिस्टर रेडिओ सेलशिवाय वाजतो. दुष्काळाचं वर्ष होतं. ताटात रेशनवरच्या परदेशी लाल मिलो धान्याची भाकरी, दारात एक दिवसाआड टँकर, आणि काकांच्या डोक्यात एकच विचार, की घरोघरच्या रेडिओला आपला डबा लागला पाहिजे. तारा शिशाने जोडायच्या, म्हणजे डाग द्यायच्या, इस्त्रीचा चुर्र आवाज, राळेचा धूर आणि पलीकडून काकूची लसणाची फोडणी. त्या घराचा वास मला आजही विचाराल तर असाच सांगेन, निम्मा कारखाना आणि निम्मं स्वयंपाकघर. काकूला या कारभाराचा मनस्वी वैताग होता. ती सोनईकडची, बोलायला खणखणीत. "मानसं नोकरीवरून येऊन बायकोला इचारत्यात, काय केलंस दिसभर," ती म्हणायची. "हे येत्यात ते थेट मीटरकडं जात्यात. माझी सवतच हाय ती."

ती सवत म्हणजे काकांचा वीज मोजायचा काट्याचा मीटर. पुण्याहून आणलेला, काळा, जड, वर काचेखाली पंख्यासारखी पट्टी आणि तिच्यावर लवलवणारा काटा. त्याला दोन वायरी, एक लाल आणि एक काळी, टोकांना टोकदार पिना. काका डागाच्या हातांनी त्याला धरायचे आणि मग त्याच हातांनी चहाचा कप, म्हणून वैतागून काकूनेच त्याला एका जुन्या निळ्या खणाची गवसणी शिवून दिली होती. वर काट्यापुरती आणि बटणापुरती खिडकी, खाली वायरी बाहेर यायला फट. वायरी मीटरच्या कोणत्या भोकात खोचल्यात ते गवसणीच्या आत, दिसायचं नाही. हे लक्षात ठेवा असं मी म्हणणार होते, पण नातवंडं म्हणतात, आजी, तू गोष्ट सांगताना परीक्षेसारखं करतेस. तर राहू दे.

काकांनी मला या कामाला लावलं ते माझे हात बारीक आहेत म्हणून. भंगारवाल्याकडून त्यांनी डायोडचा एक अख्खा डबा उचलला होता. जिऱ्यापेक्षा जाड, शेंगदाण्यापेक्षा बारीक, दोन्ही टोकांना तार. खरं तर प्रत्येक डायोडवर एका बाजूला पट्टा असतो, त्यावरून कळतं की याची कोणती बाजू कोणती. या भंगारातल्या डायोडांचे पट्टे घासून साफ गेलेले. काकांनी मला सायकलचा पंप दाखवून समजावलं.

"सुमन, ट्यूबचा व्हॉल्व्ह असतो ना? हवा आत जाते, बाहेर येत नाही. डायोड म्हणजे विजेचा व्हॉल्व्ह. एका बाजूने सोडतो, दुसऱ्या बाजूने नाही. आपल्याला शोधायचंय, कुठल्या बाजूने सोडतो."

मग रीत दाखवली. बटण रेझिस्टन्सवर, म्हणजे विजेला अडथळा किती ते मोजायला. एका तारेला लाल पिन, दुसऱ्या तारेला काळी. काटा पळाला तर वीज आरपार गेली. पिना उलट लावायच्या. आता काटा जागचा हलता कामा नये. दोन्हीकडून पळाला तर डायोड आतून जळून एक झालाय, फेकायचा. दोन्हीकडून ढिम्म असला तर तुटलाय, तोही फेकायचा. आणि जो चांगला निघेल त्याचा काटा पळताना काळी पिन ज्या टोकाला होती तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. रंगासाठी काकांनी झाकणात थोडा ऑइलपेंट दिला होता आणि ब्रश म्हणून काडेपेटीची काडी. सुरुवातीचे वीस-पंचवीस मी त्यांच्या देखत केले. त्यांचे चार डबे झाले, चारही गिऱ्हाइकांच्या रेडिओवर गाणी म्हणू लागले. "पोरीच्या हाताला यश आहे," काका काकूला म्हणाले. काकू म्हणाली, "तिच्या हाताला ऑइलपेंट हाय, आन त्योच हात माझ्या पिठात."

आता खरी अडचण. मला कॉलेजला पाठवलं होतं ते काकांच्या शब्दावर. आमचे अण्णा तिसगावच्या शाळेत मास्तर. काकांचे थोरले भाऊ. पोरीला सायन्सला घालायचं म्हणजे काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं, पण धाकट्या भावाने गळ घातली म्हणून "वर्षभर बघू" एवढं म्हणाले होते. वर्ष संपत आलं आणि पत्र आलं. सोनईचं स्थळ आलं होतं. मुलगा बरा, माणसं बरी, आणि अण्णांनी पत्रात अधोरेखित करून लिहिलं होतं, की विहिरीला एवढ्या दुष्काळातही पाणी आहे. रविवारी येतो, सुमनला घेऊन जातो, सोमवारी त्यांना होकार कळवायचा आहे. त्या वर्षी विहिरीला पाणी म्हणजे मुलाला दोन पदव्या असल्यासारखं होतं. त्यावर बोलणार काय? मला बी.एस्सी. करायचं होतं. एवढंच सांगायचं होतं, पण ते सांगायला माझ्याकडे अण्णांसमोर आवाज नव्हता.

काका म्हणाले, "दादासमोर आपण कोणी बोलायचंच नाही. तो रेडिओ घेऊन येणार. येतोच. तू तपासलेल्या डायोडचा, तू जोडलेला डबा त्याच्या रेडिओला लावायचा. सेल काढून ठेवायचे. रेडिओच बोलेल तुझ्या वतीने."

मला ही कल्पना फारच ग्रेट वाटली. शनिवारपर्यंत मी उरलेले सगळे डायोड तपासायचे आणि दहा-अकरा डबे जोडायचे असं ठरलं. आणि गुरुवारी टँकर आला.

टँकर आला की आमच्या घरात कपड्यांची दिवाळी. काकू पदर खोचून सगळीकडून मळकं ओढत होती. पडद्यांच्या, उशांच्या मागोमाग तिची नजर मीटरवर गेली. "सुमे, ती सवतीची कुंची पन काढ गं. चिक्कट झालीय राळेनं. तुझे अण्णा येनार, म्हन्त्याल कसली घाण घर हाय." मी गवसणी काढली. आणि पाहिलं तर काय, लाल वायर काळ्या भोकात आणि काळी वायर लाल भोकात! मला त्या क्षणी काकांबद्दल काय प्रेम वाटलं म्हणून सांगू. अगदी वेंधळा आहे हा माणूस, कारखान्यात कसा टिकतो कोण जाणे, असं वाटलं. मी दोन्ही वायरी उपसल्या, भोकं काडीने कोरून स्वच्छ केली, आणि लाल ती लालमध्ये, काळी ती काळीमध्ये अशी नीट बसवली. गवसणी वाळली, चढवली. काकांना सांगितलं नाही. उगाच कशाला त्यांना ओशाळं करायचं, हा आणखी वर मनाचा मोठेपणा.

शुक्रवार-शनिवार मी डायोड तपासले. दोनशे तीस चांगले निघाले. प्रत्येकाला ठिपका, एका मापाचा, एका जागी. काका कारखान्यातून आले की डाग द्यायला बसायचे, नंतर मला डाग द्यायला बसवायचे. अकरा डबे झाले. अण्णांसाठीचा पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकटीने केला. काकांनी मीटर व्होल्टवर लावला, पिना डब्याच्या दोन टोकांना टेकवल्या आणि काटा ऐटीत जाऊन नऊवर थांबला. "नऊ म्हणजे नऊ!" काका म्हणाले. मी त्या काट्याकडे इतक्या कौतुकाने बघत राहिले, की तेवढं कधी आरशातसुद्धा बघितलं नसेल.

रविवारी सकाळी अण्णा आले. धोतर, कोट, आणि खांद्याला कातडी कव्हरातला रेडिओ. तो रेडिओ म्हणजे आमच्या आळीचा मान. बातम्या, शेतीचे भाव, पावसाचा अंदाज, सगळं अण्णा ओट्यावर बसून आळीला ऐकवायचे. काकू थोरल्या दिरांसमोर कधी समोरासमोर बोलायची नाही. दाराआडून, माझ्यामार्फत. "सुमे, इचार अण्णांना, पाय धुयाला पानी दिऊ का." अण्णा समोरच्या भिंतीला सांगायचे, "असू दे, लई पानी सांडू नका." शेंगोळी केली होती, हुलग्याच्या पिठाची, वर लसणाची झणझणीत फोडणी. वास असा, की मिलोच्या भाकरीलासुद्धा आपण ज्वारी असल्याचा भास व्हावा.

पाट मांडले. काकांनी मला खूण केली. मी अण्णांच्या रेडिओतले सेल काढले, डब्याची वायर लावली, डबा उंबऱ्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

"हे सुमनने केलंय, दादा," काका म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. सेल बघ, हे इथे काढून ठेवलेत."

अण्णा खरोखर थांबले. हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "तू?" म्हणाले. मी मान हलवली. रेडिओने एकदाच "खर्रर्र" केलं. त्यानंतर काही नाही. मग जळक्या राळेचा असा वास आला की आम्ही दोघं, म्हणजे काका आणि मी, एकदम ओळखून उठलो. मी वायर उपसायला धावले आणि तेवढ्यात उंबऱ्यावरचा डबा "फट्ट" करून वाजला. आतला कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी धन-ऋण टोकांची नळकांडी, फुटला होता. चंदेरी कागदाचे बारीक तुकडे उडाले आणि वर्ख लावल्यासारखे अण्णांच्या शेंगोळीवर पडले.

मग दाराआडून काकू म्हणाली, "सुमे, अण्णांना दुसरी वाटी दे."

"वसंता," अण्णा म्हणाले, "रेडिओ जाळलास माझा."

"मी जाळला? दादा, नऊ व्होल्ट पक्के आहेत. थांब, दाखवतो." काकांनी तसल्या धुरात मीटर आणला, पिना टेकवल्या. काटा थोडा कमी पण सरळच पळाला. "बघ! डब्यात काही दोष नाही. तुझा रेडिओच म्हातारा झाला असेल."

"म्हातारा? अरे, एस.टी. ष्ट्यांडवर बातम्या ऐकल्यात मी त्याच्यावर, आत्ता, येताना!"

"ऐकल्या असतील. शेवटच्या."

"वसंता, तोंड सांभाळ."

"चौथीच्या पोरांना पाढे शिकवणाऱ्याने मला व्होल्ट सांगू नयेत."

"आन डबे जोडनाऱ्यानं माझ्या पोरीला डबे जोडायला लावू नये! कालेजला धाडली व्हती का कारखान्याला?" अण्णा पाटावरून उठले. जेवण टाकून उठले, हे आमच्या घरात मी पहिल्यांदा पाहिलं. "चारची गाडी हाय. सुमन, पिशवी भर."

"ने," काका म्हणाले. "खुशाल ने. आणि जाता जाता एवढं तिला विचार, कंडेन्सर उलटा जोडलास का म्हणून. उलटा जोडल्याशिवाय कंडेन्सर फुटत नाही. माझ्या हातचा असता तर फुटला नसता."

"सुमे," दाराआडून, "दोघांना सांग, शेंगोळी निवत्यात." हे मी कोणालाच सांगितलं नाही.

मी मागच्या खोलीत गेले. पिशवी भरायला गेले असं सगळ्यांना वाटलं, मलाही तसंच वाटलं. पण डोक्यात काकांचं ते वाक्य ठसठसत होतं. कंडेन्सर उलटा जोडला? मी? चार वेळा बघून जोडला होता. मी डबा उघडला. जोडलेला होता तसाच होता, बरोबर. आणि उलटा जोडल्याशिवाय फुटत नाही. मग कंडेन्सर सरळ असेल तर वीजच उलटी येत असली पाहिजे. वीज उलटी येईल ती डायोड उलटे असतील तर. आणि डायोड मी ठिपक्यावरून लावले होते. म्हणजे ठिपका.

मीटरवर आता माझा विश्वास नव्हता. मी बॅटरी घेतली, हातातली, दोन सेलची. सेल काढले, एकापुढे एक धरले, आतला छोटा दिवा काढला आणि तारेने जोडून मधे एक डायोड धरला. सेलचं टोपीवालं टोक म्हणजे धन, त्यात कोणाचंच दुमत होऊ शकत नाही. ज्या बाजूने दिवा लागायला नको त्या बाजूने तो मंद, पिवळा, पण व्यवस्थित लागला. दुसरा डायोड, तसंच. तिसरा, तसंच. आठवा, नववा. सगळे ठिपके उलट्या टोकाला. मग मी मीटरची गवसणी वर केली, त्या सरळ बसवलेल्या वायरी बघितल्या आणि गुरुवारचा टँकर आठवला.

हे आज नातवाला सांगितलं तर तो हसतो. त्याच्याकडे डिजिटल मीटर आहे, त्यावर डायोडचं चित्रच काढलेलं बटण. लाल पिन म्हणजे धन, काही भानगड नाही. पिना टेकवायच्या, आकडा येतो, शून्य पूर्णांक छप्पन्न वगैरे, आणि उलट लावलं तर काही येत नाही. "आजी, यात चुकायला काय आहे?" यात नाही रे बाबा. पण काट्याच्या मीटरमध्ये रेझिस्टन्स मोजताना वीज येते ती मीटरच्या पोटातल्या सेलमधून, आणि त्या सेलचं धन टोक येतं काळ्या भोकाकडे. म्हणजे तेव्हा लाल पिन ऋण आणि काळी धन. नव्या माणसाचा हमखास घोटाळा होतो. म्हणून काकांनी वायरींचीच मुद्दाम अदलाबदल करून ठेवली होती, की डायोड तपासताना लाल ती धनच राहावी. व्होल्ट मोजताना मग त्यांनी काळी पिन धन टोकाला टेकवायची सवय करून घेतली होती. मी वायरी सरळ केल्या, त्यामुळे माझे ठिपके उलटे पडले, डब्यातली वीज उलटी आली, आणि काकांनी आपल्या सवयीने काळी पिन धन टोकाला टेकवली तेव्हा ते टोक खरं तर ऋण होतं. उलट्यावर उलटं. काटा ऐटीत नऊवर.

आता मला दोन रस्ते होते. पिशवी भरून गप्प तिसगावला जायचं. रेडिओ म्हातारा होता की डबा वाईट होता, ते दोघे भाऊ उरलेलं आयुष्य ठरवत बसले असते. किंवा बाहेर जाऊन सांगायचं, की कॉलेजात वर्षभर शिकून या मुलीने दोन वायरींत घोटाळा केला. मग तर सोनई पक्कीच. मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. शेवटी मला काय असह्य झालं असेल तर ते काकांचं "माझ्या हातचा असता तर". माझा कंडेन्सर बरोबर होता. एवढं तरी कोणीतरी ऐकायला हवं होतं.

मी सेल, दिवा, डायोड आणि मीटर, सगळं पदरात घालून बाहेर आले आणि अण्णांच्या समोर मांडलं. "अण्णा, रेडिओला काही झालं नव्हतं. मी जाळला." आणि दिवा लावून, विझवून, गवसणी उचलून, सगळं सांगितलं. माझा आवाज किती मोठा झाला होता ते काकूने नंतर सांगितलं.

काका मधेच ओरडले, "गवसणी काढली? कोणी सांगितलं होतं काढायला?"

"म्या सांगितलं!" काकू पहिल्यांदाच दाराच्या बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरत. "चिक्कट झाली व्हती."

"अगं, त्या वायरी मी मुद्दाम उलट्या लावल्या होत्या!"

"मग सांगायला काय झालं व्हतं? उलटं करायचं ते करायचं, वर पांघरून घालायचं, आन सोन्यासारख्या पोरीला म्हनायचं कंडेन्सर उलटा जोडलास!" मग आपण थोरल्या दिरांसमोर उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि ती तशीच मागे गेली, पण बोलायचं थांबली नाही. आतून भांड्यांच्या आवाजात राहिलेलं ऐकू येत राहिलं.

अण्णांनी एक डायोड उचलला. चष्मा वर करून ठिपका बघितला. "ह्यातले किती चुकलेत?"

"सगळे."

"सगळे? एक पन बरूबर न्हाई?"

"एक पण नाही, अण्णा."

"मग सोपं हाय की," अण्णा म्हणाले. शाळेत पोराची वही तपासताना बोलायचे तशा आवाजात. "निम्मे चुकले आस्ते तर शोधावं लागलं आस्तं. सगळेच उलटे हायेत तर ठिपका दुसऱ्या टोकाला द्यायचा. झालं."

काका म्हणाले, "बरोबर आहे." भावाला बरोबर म्हणायची त्यांची ही दिवसातली पहिलीच वेळ.

"नाही," मी म्हणाले. "परत एकेक तपासायला लागेल. दोनशे तीस. डब्यातले पण सोडवून. मला आता माझ्या ठिपक्यावर भरवसा नाही."

"किती दिस लागत्याल?"

मला काय सुचलं कोण जाणे. "पंधरा दिवस," मी म्हणाले.

अण्णांचे ओठ हलले. ते मनात हिशेब करत होते, मला ते दिसत होतं. दोनशे तीस, एकाला अर्धं मिनिट. दोन तासांचं काम. आयुष्यभर पाढे शिकवलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

"पंधरा दिसांत कसं व्हईल," ते म्हणाले. "वाढीव धर. वसंता, सोनईवाल्यांना कळवतो मी, पोरगी कामात हाय, थांबायचं तर थांबा." मग पाटावर बसले आणि भिंतीला म्हणाले, "शेंगोळी ऊन करता आली तर बघा."

सोनईवाले थांबले नाहीत. विहिरीला पाणी असलेल्यांनी का थांबावं?

चारच्या गाडीने अण्णा एकटे गेले. निघताना कातडी कव्हर खांद्यावरून उतरवून त्यांनी माझ्या हातात दिलं. "ह्यो पन बघ," म्हणाले. "घाई न्हाई."

त्या रेडिओच्या आतले ट्रान्झिस्टर नावाचे दोन बारके भाग जळले होते. आठवड्याभरात मी ते बदलले आणि तो पूर्वीपेक्षा बरा वाजू लागला. तिसगावला मी कळवलं नाही. काकूने तो स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर ठेवला आणि दिवसभर हळू आवाजात लावायला लागली. त्यानंतरच्या तीन वर्षांत अण्णा कितीदा तरी आले. ते फाटकाशी आलेले दिसले की काकू बटण फिरवून तो बंद करायची. ते पायरीवर चपला काढायचे, आत यायचे, पाणी प्यायचे, पिठाच्या डब्याकडे एकदा बघायचे आणि मला विचारायचे, "झाला का गं त्यो दुरुस्त?"

"अजून नाही, अण्णा."

"बरं," अण्णा म्हणायचे. "परीक्षा कधी हाय?"